खुडूक कोंबडी: उठवायची की बसवायची, आणि ते नीट कसं करायचं

परसात कोंबड्या पाळणाऱ्याला हा प्रसंग कधी ना कधी येतोच. काल-परवापर्यंत नेमाने अंडं देणारी कोंबडी अंडी घालायच्या पेटीतून उठेनाशी होते. हात घातला की पिसं फुलवते, गुरगुरते, टोचते. अंडी बंद होतात. दाण्याची वेळ झाली तरी ती बाहेर येत नाही. कोंबडी खुडूक झालेली असते, म्हणजे अंडी उबवायला बसलेली असते.

अशा वेळी बहुतेक जण म्हणतात, "बसलीय तर बसू दे, कंटाळली की उठेल." माझा या सल्ल्याला ठाम विरोध आहे. रिकाम्या पेटीत बसलेली कोंबडी पिल्लं निघायला लागणारे 21 दिवस झाले म्हणून आपोआप उठेलच असं नाही. पिल्लांचा आवाज कानावर पडला नाही तर काही कोंबड्या महिना-दीड महिना तशाच बसून राहतात. या काळात त्या जेमतेम खातात, वजन घटतं, तुरा फिका पडतो, अंगावर उवा वाढतात. पिल्लं नाहीत, अंडी नाहीत आणि कोंबडी मात्र खंगते. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच ठरवायचं: तिला फलित अंडी देऊन व्यवस्थित बसवायचं, नाही तर लगेच उठवायचं. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. अर्धवट सोडून देणं तेवढं टाळा.

आधी खात्री करा

कोंबडी पेटीत जास्त वेळ बसली म्हणजे ती खुडूक झालीच असं नसतं. तलंग (नुकतीच अंड्यावर येणारी तरुण कोंबडी) पहिली अंडी घालताना तास-दोन तास पेटीत घालवते. आजारी कोंबडीही कोपरा धरून बसते. हा फरक ओळखणं सर्वांत महत्त्वाचं, कारण आजारी कोंबडीला खुडूक समजून दोन दिवस थांबलात तर तिचा जीव जाऊ शकतो.

खुडूक कोंबडी पेटीत अंग पसरून चपटी बसते, नजर एका जागी लावून. जवळ गेलात की पाठीची आणि मानेची पिसं उभी करते आणि घशातून ओरडते. बाहेर काढून जमिनीवर ठेवली तर क्षणभर तशीच चपटी पडून राहते, मग एकदम भानावर येऊन पिसं फुलवत, खुडखुडत फिरू लागते. घाईघाईने खाते, पाणी पिते, मातीत लोळते आणि पुन्हा पेटीकडे धावते. दिवसभराची शीट एकाच वेळी टाकत असल्याने ती मोठी आणि फार घाण वासाची असते. छातीखालची पिसं गळालेली किंवा तिने स्वतःच उपटलेली दिसतात आणि उघडी कातडी हाताला गरम लागते.

अंडं अडकलेली कोंबडी वेगळी दिसते. ती उभी राहिली तर शेपूट खाली पाडून, अंग ताठ उभं करून राहते, शेपटीची वर-खाली हालचाल करते, कुंथते. तिच्यात भांडायचं त्राण नसतं. डोळे अर्धवट मिटलेले, पिसं विस्कटलेली, हात लावला तरी प्रतिकार नाही, असं दिसलं तर थेट पशुवैद्याकडे जा. अंडं अडकलं असेल तर एक-दोन दिवसांतही कोंबडी दगावते.

शंका उरली तर रात्री खुराड्यात डोकवा. निरोगी कोंबडी अंधार पडला की दांडीवर जाऊन बसते. लागोपाठ दोन रात्री ती दांडी सोडून पेटीतच सापडली आणि हात लावताच फुत्कारली, तर ती खुडूक आहे असं धरून पुढच्या कामाला लागा.

तिच्या शरीरात काय चाललेलं असतं

हे कळलं की पुढचे उपाय का चालतात आणि काही का चालत नाहीत ते आपोआप उमगतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक जास्त प्रमाणात स्रवू लागतं. ते वाढलं की अंडाशयाला चालना देणारी संप्रेरकं कमी होतात, अंडाशय आकसतं आणि अंडी थांबतात. दिवस मोठा होऊ लागला की हा बदल जास्त दिसतो. पेटीत साठलेली अंडी आणि अंधारी, आडोशाची जागा त्याला हातभार लावतात.

लक्षात ठेवायची गोष्ट ही की, एकदा सुरू झालेलं हे चक्र घरटंच चालू ठेवतं. छातीच्या उघड्या कातडीला अंड्यांचा, घरट्याचा स्पर्श होत राहतो, तोवर प्रोलॅक्टिन चढंच राहतं. घरटं काढून घेतलं की ते उतरू लागतं. उठवण्याचे सगळे खरे उपाय या एकाच गोष्टीवर उभे आहेत.

जातीचाही मोठा वाटा असतो. सिल्की, कोचीन, ब्रह्मा, ऑर्पिंग्टन, असील यांच्यात खुडूकपणा भरपूर. सिल्की तर वर्षातून अनेकदा बसते. लेगहॉर्न, मिनोर्का यांसारख्या अंड्यांसाठी निवडत आणलेल्या जातींत तो जवळजवळ उरलेला नाही. लेगहॉर्न पाळणाऱ्याला हा लेख कदाचित कधीच लागणार नाही. सिल्की पाळणाऱ्याला दर हंगामात लागेल.

निर्णय कसा घ्यायचा

बसवायची असेल तर काही गोष्टी हाताशी हव्यात: फलित अंडी (म्हणजे कळपात कोंबडा हवा किंवा खात्रीची अंडी बाहेरून मिळायला हवीत), वेगळी शांत जागा, आणि पिल्लांतल्या नरांचं पुढे काय करायचं याचं उत्तर. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे कोंबडे असतात. ते ठेवायला जागा नसेल, शेजाऱ्यांना आरवणं चालणार नसेल किंवा कोंबडे ठेवायला मनाई असेल, तर अंडी ठेवण्याआधीच विचार करा.

कोंबडीही तपासा. हातात धरून छातीचं हाड चाचपा. ते धारदार लागत असेल, दोन्ही बाजूंचं मांस बसलेलं असेल, तर तिला बसवू नका. पिसांच्या मुळाशी, विशेषतः विष्ठाद्वाराभोवती, उवा आणि लिखांचे पुंजके दिसतात का ते पाहा. असतील तर आधी पशुवैद्याने सुचवलेली पावडर लावून अंग स्वच्छ करून घ्या आणि मगच अंडी द्या. फार कडक उन्हाळ्यात मी तर उठवण्याकडेच झुकतो. तापलेल्या पेटीत तासन् तास बसणं कोंबडीला झेपत नाही.

खर्च वेळेचाही आहे. बसवलेली कोंबडी 21 दिवस अंडी उबवते आणि पुढे पाच-आठ आठवडे पिल्लं सांभाळते. म्हणजे दोन-तीन महिने तिच्याकडून अंड्याची अपेक्षा नको. वेळेत उठवलेली कोंबडी बहुधा एक ते तीन आठवड्यांत पुन्हा अंडी घालू लागते.

उठवायचं असेल तर

पहिल्या दिवशी सौम्य उपाय करून पाहा. पेटीतली सगळी अंडी काढा, नकली अंडी असतील तर तीही. दिवसातून तीन-चार वेळा तिला उचलून बाकीच्या कोंबड्यांत, लांबच्या कोपऱ्यात, आवडीच्या दाण्याजवळ सोडा. दुपारपर्यंत बाकीच्यांची अंडी घालून झाली की पेटीचं तोंड फळीने बंद करा. रात्री अंधारात तिला पेटीतून उचलून दांडीवर बसवा. अंधारात तिला नीट दिसत नाही, त्यामुळे बहुधा ती तिथेच राहते. नुकतीच बसू लागलेली, फारशी हट्टी नसलेली कोंबडी एवढ्याने उठते. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, टोच जोरात बसते.

दोन दिवसांत फरक पडला नाही तर रेंगाळू नका. पिंजरा काढा.

या पिंजऱ्याचा तळ जाळीचा असायला हवा. कुत्र्या-मांजरांसाठीचा तारेचा पिंजरा चालतो, पण त्यातला प्लास्टिकचा ट्रे काढून टाका. तारा पायाला लागणार नाहीत, बोटं अडकणार नाहीत अशी अर्धा-पाऊण इंची जाळी तळाला बसवा. कोंबडीला उभं राहता, वळता आणि पंख थोडे पसरता येतील एवढी जागा हवी. दोन-अडीच फूट लांबी मध्यम आकाराच्या कोंबडीला पुरते. हा पिंजरा विटांवर किंवा ठोकळ्यांवर ठेवून जमिनीपासून फूटभर उंच करा, म्हणजे खालून हवा खेळेल. आत गवत, भुसा, पोतं, काहीही घालू नका. बसायला मऊ आणि उबदार जागा मिळाली की तीच तिचं घरटं होते आणि सगळी मेहनत वाया जाते.

पिंजरा उजेडात, पण थेट उन्हापासून आणि पावसापासून बचाव होईल अशा ठिकाणी ठेवा. बाकीच्या कोंबड्या दिसत असतील तर उत्तम. ती एकटी पडत नाही आणि परतल्यावर तिला कमी टोचलं जातं. पाणी आणि नेहमीचं पूर्ण खाद्य चोवीस तास समोर हवं. भांडी जाळीला अडकवा, नाही तर ती उलटवते. रात्रीही पिंजऱ्यातच ठेवायचं, मात्र कुत्रा, मांजर, मुंगूस, साप पोहोचणार नाहीत अशा बंद जागेत. खूप थंडी असेल तर रात्री पिंजऱ्याच्या बाजूंना कापड लावून वारा अडवा. तळ मात्र मोकळाच राहू द्या.

सुरुवातीच्याच दिवसांत पिंजऱ्यात गेलेली कोंबडी बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत उठते. दोन-तीन आठवडे बसून मग पिंजऱ्यात गेलेलीला आठवडाभरही लागतो. लवकर निर्णय घ्या असं मी सारखं म्हणतो ते यासाठीच.

उठली की नाही हे कसं ओळखायचं? आधी ती पिंजऱ्याच्या तळावर चपटी बसून राहायची. आता उभी राहते, फेऱ्या मारते, बाहेर पडायला धडपडते. पिसं फुलवणं आणि खुडखुडणं कमी होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात परतायच्या तासभर आधी तिला सोडा आणि नुसतं पाहत राहा. ती दाणे टिपत फिरली आणि अंधार पडल्यावर दांडीवर गेली तर काम झालं. तडक पेटीत शिरली तर पुन्हा पिंजऱ्यात, आणखी दोन दिवस. दया येऊन "एक रात्र बसू दे" असं करू नका. एका रात्रीत चक्र परत सुरू होऊ शकतं आणि तिचेच हाल लांबतात.

काही जुने उपाय आजही सांगितले जातात. कोंबडीला थंड पाण्यात बुचकळणं, उपाशी किंवा तहानलेलं ठेवणं, टोपलीखाली अंधारात कोंडणं, पाय बांधून ठेवणं, नाकपुडीत पीस खुपसणं. यातलं काहीही करू नका. पाण्यात बुचकळल्यावर कोंबडी गारठते, घाबरते आणि अंग वाळताच पुन्हा घरट्यावर जाते, कारण घरटं तिथेच असतं. उपासाने आधीच कमी खाणारी कोंबडी आणखी खचते. अंधाराने खुडूकपणा वाढतो. नाकातल्या पिसाने जखम आणि संसर्ग होतो, श्वास कोंडतो. जाळीचा पिंजरा दिसायला कठोर वाटेल, पण पोटभर खाणं-पाणी आणि मोकळी हवा देऊन हे काम कमीत कमी दिवसांत तोच करतो.

बसवायचं असेल तर

प्रथम जागा. सामायिक पेटीत बसवू नका. तिथे दुसऱ्या कोंबड्या रोज तिच्याखाली ताजी अंडी घालतात. मग काही अंडी दहा दिवसांची, काही कालची, असा घोळ होतो. पहिली पिल्लं निघाली की ती उठते आणि मागची अंडी अर्ध्यावर मरतात. शिवाय जागेवरून भांडणं होऊन अंडी फुटतात. तेव्हा वेगळी, जमिनीलगतची, मंद उजेडाची, कोरडी आणि बंद करता येणारी जागा द्या. चौदा-पंधरा इंची चौकोनी खोकं, कडा फक्त भुसा अडेल एवढ्या उंच. तळाला थोडी माती किंवा भुसा आणि त्यावर मऊ गवताचा थर, मध्ये किंचित खोलगट, म्हणजे अंडी कडेला घरंगळणार नाहीत. खोक्याच्या फटी आधी बारकाईने पाहा. लाल माइट दिवसा फटींत लपतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात. जागेवरून न हलणारी खुडूक कोंबडी त्यांना आयती सापडते, आणि त्यांची संख्या वाढली तर ती घरट्यावरच रक्तक्षयाने मरू शकते. रात्री बॅटरी घेऊन खोक्याच्या खालच्या बाजूवर पांढरा कागद घासा. तांबडे डाग उमटले तर खोकं बदला.

हलवणं रात्रीच. पूर्ण अंधार झाल्यावर, कमी उजेडात, तिला पंखांसकट दोन्ही हातांनी धरून नव्या खोक्यात ठेवा. खाली दोन-तीन नकली अंडी ठेवा. दोन दिवस तिथे टिकून बसली, खाऊन-पिऊन स्वतःहून परतली, तरच खरी अंडी द्या. नव्या जागी उभीच राहत असेल, जुन्या पेटीकडे धावत असेल, तर ती अजून पक्की बसलेली नाही. फलित अंडी अशा कोंबडीखाली घालून नासवू नका.

अंडी निवडताना मध्यम आकाराची, स्वच्छ, तडा नसलेली घ्या. धुऊ नका, धुतल्याने कवचावरचं संरक्षक आवरण जातं आणि जंतू आत शिरतात. साठवायची असतील तर टोकदार बाजू खाली ठेवून, 13 ते 18 अंश सेल्सिअसच्या आसपास, सात ते दहा दिवसांपर्यंत. त्यापुढे पिल्लं निघण्याचं प्रमाण घटत जातं. फ्रीजमध्ये बराच काळ राहिलेली अंडी यासाठी घेऊ नयेत. मोठ्या कोंबडीखाली दहा-बारा, छोट्या जातीच्या कोंबडीखाली तिच्या अंगाखाली पूर्ण झाकली जातील तेवढीच, पाच-सहा-सात. पिसांबाहेर अंडं दिसत असेल तर ते काढा. कोंबडी अंडी सारखी फिरवत असते, त्यामुळे बाहेर राहणारं अंडं रोज वेगळं असतं आणि एकेक करून सगळीच गारठतात. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने गोल रेघ ओढा. पुढे बिनरेघेचं अंडं दिसलं की ते उपरं, उचलून घ्या. सगळी अंडी एकाच रात्री खाली सारा आणि तारीख लिहून ठेवा. तिथून 21 दिवस मोजायचे. छोट्या जातींत एखादा दिवस आधी, जुन्या अंड्यांना एखादा दिवस उशिरा.

रोजचा क्रम सोपा आहे, पण तो चुकवू नका. खुडूक कोंबडी दिवसातून साधारण एकदा, पंधरा-तीस मिनिटं उठते. तेवढ्यात अंडी थंड झाली तरी बिघडत नाही. खाणं-पाणी खोक्याबाहेर, चार पावलांवर ठेवा, म्हणजे खायला तिला उठावंच लागेल आणि घरटं घाण होणार नाही. शेजारी कोरड्या मातीचं पसरट टोपलं ठेवा. मातीत लोळणं ही तिची गरज आहे, उवांवर तोच पहिला उपाय. मक्याचे आणि गव्हाचे दाणे या काळात चालतात, कारण ती अंडी घालत नसते. चोवीस तासांत ती एकदाही उठली नाही, शीट दिसली नाही, तर पोटाखाली हात घालून हळूच उचला. पंखांच्या आत एखादं अंडं अडकलेलं असतं. ते आधी सोडवा, नाही तर खाली पडून फुटतं. तिला खाण्यासमोर ठेवा आणि परतू द्या. घरट्यात शीट किंवा फुटलेलं अंडं पडलं तर भुसा लगेच बदला.

अंड्यांवर पाणी शिंपडू नका, ती उलटवत बसू नका. ऊब, ओलावा आणि फिरवणं हे तिघं कोंबडी आपल्यापेक्षा चांगलं सांभाळते. तिच्याकडून हे हिरावून घ्यायला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

सातव्या दिवशी रात्री अंधारात अंडं बॅटरीच्या उजेडावर धरून पाहा. जिवंत अंड्यात काळसर ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या फुटलेल्या रक्तवाहिन्या दिसतात. अगदी पारदर्शक राहिलेलं अंडं वांझ आहे. रक्ताचं नुसतं कडं दिसत असेल तर जीव धरून मेलेला आहे. चौदाव्या दिवशी पुन्हा पाहा. तोवर अंड्याचा बराचसा भाग गडद होऊन आत हालचाल दिसते. गडद तपकिरी कवचाची अंडी नीट दिसत नाहीत, तिथे घाईने निकाल देऊ नका. मात्र वास येणारं, कवचातून पाझरणारं अंडं ताबडतोब आणि अलगद बाहेर काढा. ते घरट्यात फुटलं तर सगळ्या अंड्यांना संसर्ग होतो.

अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात नाही. या दिवसांत पिल्लू कवचात आपली जागा घेतं आणि आतून आवाज देऊ लागतं. कोंबडीही खुडखुडून उत्तर देते. कवचाला पहिला टोच पडल्यापासून पिल्लू पूर्ण बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. या मधल्या काळात ते निपचित वाटतं. खरं तर ते उरलेलं बलक पोटात घेत असतं आणि कवचाच्या आतल्या रक्तवाहिन्या आटत असतात. मदत म्हणून कवच सोलायला गेलात तर रक्तस्राव होतो. हात आवरा. बलकाच्या शिदोरीवर पिल्लू साधारण दोन दिवस न खाता राहू शकतं, म्हणूनच कोंबडी उशिराच्या अंड्यांसाठी बसून राहू शकते. ती पिल्लांना घेऊन उठली की उरलेली अंडी तपासा. तेविसाव्या दिवसापर्यंत काहीच हालचाल नसेल तर ती काढून टाका.

फलित अंडी नसतील तर

कोंबडी बसायला उत्सुक आहे पण कोंबडा नाही, अशा वेळी तिच्याखाली विकतची एक-दोन दिवसांची पिल्लं सारता येतात. अट एवढीच की तिने नकली अंड्यांवर निदान दोन आठवडे नेमाने बसलेलं असावं. रात्री अंधारात एक पिल्लू हातात उबवून पंखाखाली सारा आणि एक नकली अंडं काढा. थोड्या वेळाने दुसरं. शक्य असेल तर सगळी एकाच रात्री द्या. पहिल्या पिल्लांची सवय झाल्यावर दोन दिवसांनी आलेल्या वेगळ्या रंगाच्या पिल्लाला काही कोंबड्या टोचून मारतात. पिल्लं चार-पाच दिवसांची झाली की तीही आईचं ऐकत नाहीत, म्हणून जितकी लहान तितकं बरं.

दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी तिथे हजर राहा. पिल्लू बाहेर डोकावल्यावर ती मंद खुडखुडत त्याला आत ओढत असेल तर निश्चिंत व्हा. चेहऱ्यावर जोरात टोचत असेल तर पिल्लं लगेच काढून घ्या. ऊब देणारा दिवा लावलेलं खोकं आदल्या रात्रीच तयार ठेवा. कोंबडीने नाकारलं तर पिल्लांना तोच आधार.

पिल्लं निघाल्यावर

पहिली गोष्ट खाद्याची. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं. ते पिल्लांच्या मूत्रपिंडांना घातक आहे. आई आणि पिल्लं दोघांनाही 18 ते 20 टक्के प्रथिनांचं पिल्लांचं खाद्य द्या. आई सध्या अंडी घालत नाही, त्यामुळे तिला ते चालतं. पाण्याचं भांडं उथळ हवं आणि त्यात स्वच्छ गोटे टाका, पिल्लं बुडायला बोटभर पाणीही पुरतं. ऊब आई देते, दिव्याची गरज नाही.

पहिले सात-आठ दिवस त्यांना जाळीच्या आत पण कळपाच्या नजरेसमोर ठेवा. मग आईसह थोडा वेळ बाहेर सोडा. चांगली आई दुसऱ्या कोंबड्यांना जवळ फिरकू देत नाही. तरीही जाळीला खाली एक छोटी फट ठेवा, पिल्लू जाईल आणि मोठी कोंबडी जाणार नाही अशी. त्यांचं खाद्य तिथेच आत ठेवलं की भांडणं निम्मी मिटतात. भुसा कोरडा ठेवणं सर्वांत महत्त्वाचं. ओलसर, दमट जागेत रक्ती हगवण पसरते. पिल्लं अंग आक्रसून, पंख पाडून बसलेली आणि शीट रक्तमिश्रित दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्याकडून औषध घ्या. एका दिवसाची दिरंगाईही महाग पडते. लसीकरणाचं वेळापत्रकही त्यांनाच विचारा.

पाच ते आठ आठवड्यांत आई एके दिवशी पिल्लांना टोचून दूर करू लागते आणि दांडीवर परतते. आता तिला पुन्हा अंड्यावरचं खाद्य सुरू करा, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा आणि वजन भरून यायला वेळ द्या. बऱ्याच कोंबड्या या टप्प्यावर पिसंही टाकतात. तोवर अंडी आली नाहीत तरी काळजीचं कारण नाही.

पुन्हा पुन्हा खुडूक होणारी कोंबडी

रोखण्याचा हमखास उपाय नाही, पण अंडी दिवसातून दोनदा गोळा केल्याने फरक पडतो. पेटीत आठ-दहा अंड्यांचा ढीग साठू देणं म्हणजे आमंत्रणच. रात्री पेट्या बंद ठेवा. एक कोंबडी बसली की तिला कळपातून लवकर हलवा, कारण तिने एक पेटी अडवली की बाकीच्या उरलेल्या पेट्यांत गर्दी करतात, उघड्यावर अंडी घालतात, आणि कुठल्या तरी झुडपात ढीग साठून दुसरीही बसते. कोंबडी दिवसभर दिसेनाशी झाली आणि फक्त संध्याकाळी घाईघाईने दाणे टिपायला आली, तर तिचा माग काढा. परसाच्या कोपऱ्यात चोरून घातलेली अंडी नक्की सापडतील. रात्री उघड्यावर बसलेली कोंबडी शिकारी जनावराला सहज बळी पडते, म्हणून तिला त्याच रात्री आत आणा.

एखादी कोंबडी उठवल्यावर महिन्याभरात पुन्हा बसत असेल, तर दर वेळी पिंजऱ्याशी झगडण्यापेक्षा वर्षातून एकदा, हवामान बरं असताना, तिला पिल्लं काढू द्यावीत असं माझं मत आहे. अंड्यांच्या हिशेबात ती तोट्याची दिसेल, पण इतक्या निष्ठेने बसणारी कोंबडी दर हंगामात कळप वाढवते. उरलेल्या वेळी मात्र ती बसली की दुसऱ्याच रात्री पिंजरा बाहेर काढा, आणि सोडण्यापूर्वी तिचं वजन, तुऱ्याचा रंग आणि पिसांची मुळं एकदा बघून घ्या.